‘प्रश्न उद्भवत नाही’ : लेखी प्रश्नाचे हत्यार आणि आपण

गटारात उतरलेला माणूस गुदमरून मेला, तर तो सरकारच्या कागदावर मेला की नाही हे पुष्कळदा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यावर ठरते. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून एकाच खात्याची दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेत केंद्रीय सामाजिक न्याय खात्याने लेखी उत्तर दिले की, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत मलवाहिन्या आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसे मेली. त्यांतील ३४ महाराष्ट्रातील होती. त्याच वर्षी २८ जुलैला राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे आणि एल. हनुमंतय्या या सभासदांच्या प्रश्नावर त्याच खात्याचे लेखी उत्तर आले. हाताने मैला साफ करण्याच्या कामामुळे असा एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे त्यात म्हटले होते. उत्तर राज्यमंत्री रामदास आठवले यांच्या नावाने होते. म्हणजे दलित पँथरच्या चळवळीतून पुढे आलेल्या माणसाच्या नावाने.

साडेपाच महिन्यांत ३४० प्रेते गेली कुठे? ती कायद्याच्या एका कलमातून दुसऱ्या कलमात गेली. ६ डिसेंबर २०१३ रोजी अंमलात आलेल्या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. अस्वच्छ संडास, उघडी गटारे, खड्डे यांतील मैला हाताने काढणारा तो एक. मलवाहिनीत किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांवाचून उतरवला जाणारा तो दुसरा, आणि त्याच्या कामाला कायदा ‘धोकादायक सफाई’ म्हणतो. जुलैच्या प्रश्नाला खात्याने पहिल्या व्याख्येचे कुंपण घातले. टाकीत मेलेला माणूस दुसऱ्या व्याख्येतला, म्हणून या प्रश्नापुरता तो मेलाच नाही. खाते तांत्रिकदृष्ट्या खोटे बोलले नाही. व्याख्येच्या आड उभे राहून ते खरे बोलले, आणि ते खरे खोट्याहून क्रूर होते.

या उत्तरावर संताप झाला आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु संतापाबरोबर त्यातून एक धडाही घ्यायला हवा. मंत्री कोणत्या समाजातून आला यावर उत्तर ठरत नाही. उत्तर खाते लिहिते, आणि खात्याला पळायला वाट ठेवायची की नाही हे प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातात असते. लेखी प्रश्नाकडे आपल्या चळवळीने या नजरेने क्वचितच पाहिले आहे.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याकडे १८९२ च्या कौन्सिल कायद्याने प्रथम आला. तेव्हा उत्तर ऐकून गप्प बसावे लागे. मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारण्याची मुभा १९०९ च्या सुधारणांनी दिली. आज प्रश्नांचे मुख्य दोन प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते व त्यावर चर्चा होत नाही. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, तर राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकितांपैकी जेमतेम काहींनाच प्रश्नोत्तराच्या तासात तोंड फुटते. उरलेल्यांची उत्तरेही लेखीच पटलावर ठेवली जातात. वर्तमानपत्रात जो दिसतो तो तासाभराचा गोंगाट. राज्यकारभाराचा खरा कबुलीजबाब या लेखी उत्तरांच्या ढिगात पडलेला असतो.

अल्पसंख्येत असलेल्यांसाठी या हत्याराचे विशेष मोल आहे. ठरावाला बहुमत लागते, विधेयकाला बहुमत लागते, प्रश्नाला लागत नाही. सभागृहात एकटा असलेला सभासदही नियमात बसणारा प्रश्न देऊ शकतो, आणि तो दाखल झाला की खात्याला उत्तर द्यावे लागते. ठरावाचे काय होते हे आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले झाल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह त्या तळ्यापर्यंत चालत जावे लागले. ठराव आणि ओंजळभर पाणी यांच्यामध्ये जे अंतर असते, ते मोजण्याचे माप म्हणजे प्रश्न. तुम्ही ठरवलेत त्याचे काय झाले? किती ठिकाणी झाले? कोणी अडवले, आणि त्याच्यावर काय कारवाई केली? प्रश्नाचे सगळे बळ या साध्या वाक्यांत आहे.

हे बळ कसे चालते ते कळण्यासाठी प्रश्नाचा प्रवास पाहावा. विधानमंडळाच्या सचिवालयातून प्रश्न संबंधित खात्याकडे जातो. तेथे तो एका कार्यासनावर येऊन पडतो. कक्ष अधिकारी जिल्ह्याकडून, महापालिकेकडून, पोलिसांकडून माहिती मागवतो. एरवी तालुक्याच्या कचेरीत वर्षभर धूळ खाणारी फाईल त्या आठवड्यात उघडते. वारसाला भरपाई का दिली नाही याचे कारण कोणाला तरी लिहून वर पाठवावे लागते. मग टिपणी तयार होते, उपसचिव व सचिव यांच्या हातांतून जाते आणि मंत्र्यांच्या मान्यतेने उत्तर बनते. पुष्कळदा उत्तर छापून येण्याआधीच काम झालेले असते, कारण ‘भरपाई दिली नाही’ असे लिहिण्यापेक्षा ती देऊन टाकणे कचेरीला सोपे वाटते.

पण याच प्रवासात उत्तराची धार बोथट करण्याची कलाही चालते. आपल्या विधिमंडळातील प्रश्नाची घडण ठराविक आहे : ‘हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तरांचे साचेही ठराविक आहेत. ते ओळखता आले पाहिजेत.

‘हे खरे नाही.’ हे उत्तर बहुधा प्रश्नातील एखाद्या चुकीच्या तपशिलावर उभे असते. तारीख एका दिवसाने चुकली, गावाचे नाव चुकले, आठऐवजी नऊ माणसे लिहिली, की सगळा प्रश्नच खोटा ठरवता येतो.

‘अंशतः खरे आहे.’ यात कबुली असते, पण कोणता अंश खरा हे पुढच्या वाक्यांत दडवलेले असते. तेवढा अंश बाहेर काढून त्यावर दुसरा प्रश्न द्यावा लागतो.

‘अशी माहिती ठेवली जात नाही.’ सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीत घरी परतताना मेलेल्या स्थलांतरित मजुरांविषयी लोकसभेत विचारले गेले. केंद्रीय कामगार खात्याने हेच उत्तर दिले. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त लेखी उत्तरे होती. मंत्र्याला उभे करून उपप्रश्न विचारण्याची सोयच उरली नव्हती.

‘प्रश्न उद्भवत नाही.’ हे सर्वांत थंड उत्तर. मजुरांच्या मृत्यूंची माहितीच नाही, म्हणून त्यांच्या कुटुंबांना भरपाई देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे त्याच वेळी सांगितले गेले. पहिल्या उपविभागात नकार मिळवला की पुढचे सारे उपविभाग या तीन शब्दांनी पुसता येतात. म्हणून सगळा प्रश्न पहिल्या ‘हे खरे आहे काय’च्या एका खुंटीला टांगून ठेवू नये. प्रत्येक उपविभाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहावा.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ हे वाक्य वाचून पुष्कळजण निराश होतात आणि कागद बाजूला ठेवतात. वास्तविक हे खात्याने दिलेले वचन असते. संसदेत अशा उत्तराची गणना आश्वासनात होते, आणि ते तीन महिन्यांत पुरे करावे अशी अपेक्षा असते. त्यावर नजर ठेवण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. अधिवेशन संपले तरी वचन संपत नाही. मात्र ते कोणीतरी लक्षात ठेवावे लागते.

आता गटारातील मृत्यूंविषयीचा प्रश्न पुन्हा लिहून पाहू. ‘(१) राज्यात गेल्या पाच वर्षांत मलवाहिनी, गटार, मॅनहोल अथवा सेप्टिक टाकी यांत उतरल्यामुळे किती व्यक्ती मृत्यू पावल्या, मग त्या शासनाच्या, नगरपालिकेच्या, ठेकेदाराच्या किंवा खाजगी सोसायटीच्या कामावर असोत, (२) त्यांची जिल्हावार व वर्षवार संख्या काय आहे, (३) किती प्रकरणी गुन्हे नोंदवले, कोणत्या कायद्याखाली, आणि किती जणांना शिक्षा झाली, (४) किती वारसांना, किती रक्कम, कोणत्या तारखेस दिली, (५) ज्यांना दिली नाही, त्यांच्या बाबतीत विलंबाची कारणे काय आहेत?’

या प्रश्नात व्याख्येचा एकही शब्द नाही, म्हणून व्याख्येची पळवाटही नाही. ‘ठेकेदाराच्या किंवा खाजगी सोसायटीच्या’ हे शब्दही उगाच आलेले नाहीत. हा आमचा नोकर नव्हता, असे म्हणून हात झटकण्याची रीत जुनी आहे. मुंबईत गोवंडी येथे डिसेंबर २०१९ मध्ये खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन सफाई कामगार मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश झाला. ही १० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच ठरवून दिलेली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ती ३० लाख केली. चौथ्या उपविभागात रक्कम आणि तारीख दोन्ही मागण्याचे कारण हेच आहे.

एक प्रश्न विचारून लढाई संपत नाही. उत्तरे जमवून एकमेकांशेजारी ठेवावी लागतात. जुलै २०२१ च्या त्याच उत्तरात हाताने मैला साफ करणारे ६६,६९२ जण शोधून काढल्याचे सांगितले होते. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत आकडा आला ५८,०९८. चार महिन्यांत ८,५९४ माणसे कमी कशी झाली? त्यांचे पुनर्वसन झाले, की मोजणारा बदलला? असा पुढचा प्रश्न उत्तरांतूनच जन्माला येतो. डिसेंबरच्या त्या उत्तराने आणखी एक गोष्ट सरकारी कागदावर आणली. यांपैकी ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती उपलब्ध होती, आणि त्यांतील ४२,५९४ अनुसूचित जातींचे निघाले. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव. हा धंदा जातीने लादलेला आहे हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, आणि ते आपले ‘भावनिक’ बोलणे मानले गेले. आता ते खुद्द शासनाच्या आकड्यात लिहिलेले आहे. ते खोडायचे तर शासनाला स्वतःलाच खोडावे लागेल.

या हत्याराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लेखी उत्तराने कोणी तुरुंगात जात नाही. अधिवेशने आखूड होतात, उत्तरे उशिरा येतात. प्रश्न विकलेही जातात. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून ११ सभासदांना काढून टाकावे लागले. राखीव जागेवर निवडून आलेला प्रतिनिधी पक्षाच्या आदेशापलीकडे तोंड उघडत नाही, हा तर आपला नित्याचा अनुभव आहे. रस्त्यावरच्या लढ्याची जागा कागद घेऊ शकत नाही. परंतु रस्त्यावरच्या लढ्याला उद्या जे पुरावे लागतील ते हा कागद देतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर सभागृहाच्या विशेषाधिकाराचा प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून मोर्च्यापुढे दिलेल्या तोंडी आश्वासनापेक्षा खाते या कागदाला अधिक भिते.

आपले कार्यकर्ते आमदाराकडे निवेदन घेऊन जातात. निवेदनात ‘तरी मेहेरबानांनी लक्ष घालावे’ असे असते. आमदार ते स्वीकारतो, छायाचित्र निघते, निवेदन स्वीय सहायकाच्या टेबलावर राहते. यापुढे निवेदन नेऊ नये, प्रश्न लिहून न्यावा. तारीख तपासलेला, गावाचे नाव अचूक असलेला, पोलीस ठाण्यातील गुन्ह्याचा क्रमांक जोडलेला, नियमात बसणारा प्रश्न. प्रश्न लिहून आणल्यावर ‘अभ्यास करून सांगतो’ म्हणायला आमदाराला जागा उरत नाही. त्याने तो दिला नाही तर तेही गावाला सांगता येते. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्याविषयीची दहा वर्षांतील प्रश्नोत्तरे काढून वाचावीत. शिक्षकांनी राज्यघटना शिकवताना एक खरे उत्तर वर्गात वाचून दाखवावे, आणि खाते त्यात कोठे निसटले ते मुलांना शोधायला लावावे. असे दहा जण प्रत्येक जिल्ह्यात तयार झाले, तर कार्यासनावर बसलेल्या माणसाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिताना हात थोडा आवरावा लागेल.

माणूस टाकीत उतरवला गेला, वर आला नाही, आणि त्याच्या बायकोच्या हातात अजून काही पडलेले नाही. प्रश्न तेथेच उद्भवलेला आहे. तो नीट शब्दांत लिहिणे एवढेच आपल्याकडे राहिलेले आहे.