प्रतियोगी सहकारिता पक्ष
स्वराज्य पक्षातून फुटलेल्या टिळकानुयायांनी १९२६ मध्ये अकोला येथे स्थापिलेला राजकीय पक्ष. अमरावतीचे श्री. ब. तांबे यांनी १९२५ मध्ये मध्य प्रांताच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले; त्यावरून फूट विकोपास गेली. लोकहित साधेल तेथे अधिकारपदे घ्यावीत, अन्यत्र विरोध करावा, असे जयकर, केळकर, मुंजे व अणे या पुढाऱ्यांचे मत होते. पक्षाचे नाव टिळकांच्या १९१९ च्या घोषणेवरून आले. वृत्ती मात्र १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवात घडली होती. वऱ्हाडातील टिळकांचे सहकारी ग. श्री. खापर्डे हे तर साईबाबांचे भक्त. प्रशियातील हुजूरपक्षीयांना भक्तिमार्गी ल्यूथरपंथीयांची धर्ममीमांसा आधारभूत होती. येथे तिची जागा उत्सवाने घेतली. मुंजे १९२७ मध्ये हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले.