झारच्या गादीचा वारस

रशियाच्या झारच्या हाती अमर्याद सत्ता असे; परंतु आपल्यामागे गादीवर कोणी बसावे, हा प्रश्न मात्र अठराव्या शतकात त्या सत्तेला धड सोडविता आला नाही. या घोटाळ्याचे मूळ महान पीटरच्या एका फर्मानात सापडते.

पीटर आणि त्याचा थोरला मुलगा ॲलेक्सिस यांचे कधीच पटले नाही. मुलगा परदेशी पळाला. त्याला परत आणून राजद्रोहाचा खटला चालविण्यात आला. देहान्ताची शिक्षा ठरली आणि १७१८ साली तो किल्ल्यातील कोठडीतच मेला. पुढे १७२२ मध्ये पीटरने जाहीर केले की, राज्यकर्त्याने आपल्या मर्जीस येईल त्याला वारस नेमावे. जन्मामुळे कोणाचाही हक्क ठरत नाही. नालायकाच्या हाती राज्य जाऊ नये, हा हेतू समजण्यासारखा होता. पण १७२५ साली पीटर वारला तो कोणालाही न नेमता!

मग निवड करावयाची कोणी? ती केली राजवाड्याच्या पहाऱ्यावरील पलटणींनी. त्यांच्या पाठिंब्याने प्रथम पीटरची विधवा कॅथरीन गादीवर आली आणि हा पायंडाच पडला. १७२५ ते १७६२ या ३७ वर्षांत सात जण सिंहासनावर चढले. त्यांतील सहावा इव्हान हा तर अवघ्या दोन महिन्यांचा. १७४१ साली पीटरची कन्या एलिझाबेथ हिने शिपायांच्या बळावर त्याला पदच्युत केले. त्याच्या नावाची नाणीही परत घेण्यात आली. त्या अजाण बालकाचे सारे आयुष्य कैदेत गेले. १७६४ साली त्याला सोडविण्याचा एक प्रयत्न झाला, तेव्हा पहारेकऱ्यांनीच त्याला ठार केले. त्या वेळी दुसरी कॅथरीन राज्य करीत होती. तीही आपल्या पतीला गादीवरून खाली ओढूनच सम्राज्ञी झाली होती.

तिचा मुलगा पॉल याने १७९७ साली, राज्याभिषेकाच्या दिवशी, पीटरचा नियम रद्द केला. गादी थोरल्या मुलाची, मग त्याच्या पुरुषवंशाची. सर्व पुरुषशाखा खुंटल्या तरच स्त्रीची. या शेवटच्या कलमात आईविषयीची अढी डोकावते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. पॉलचा स्वतःचा खून १८०१ मध्ये झाला. तरी कायदा टिकला आणि त्यानंतर रशियात एकही स्त्री राज्यावर आली नाही.

कायदा स्पष्ट असूनही १८२५ साली गोंधळ झालाच. पहिला अलेक्झांडर निपुत्रिक वारला. भाऊ कॉन्स्टंटाइन याने आपला हक्क पूर्वीच सोडला होता, पण तो कागद गुप्त ठेवलेला! तेव्हा धाकट्या निकोलसने राजधानीत कॉन्स्टंटाइनच्या नावे शपथ घेतली, तर कॉन्स्टंटाइनने वॉर्सात निकोलसच्या नावे. या संधीचा लाभ घेऊन राज्यघटनेची आकांक्षा बाळगणाऱ्या अधिकाऱ्यांनी डिसेंबरमध्ये सिनेट चौकात उठाव केला. तोफा चालल्या, पुढील वर्षी पाच जण फासावर गेले.

पॉलचा कायदा शेवटी मोडला तो एका झारनेच. मार्च १९१७ मध्ये राज्यत्याग करताना दुसऱ्या निकोलसने आपल्या आजारी मुलाचा हक्कही सोडून दिला आणि गादी भाऊ मायकेल याला दिली. मुलाच्या वतीने असा त्याग करण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. दुसऱ्याच दिवशी मायकेलने कळविले की, लोकांच्या घटनासभेने सांगितले तरच आपण सत्ता स्वीकारू. ते बोलावणे कधीच आले नाही.