एचआयव्हीवरील उपचार आणि कष्टकरी घराचा जमाखर्च

एचआयव्हीचा विषाणू मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसांना गाठतो, आणि म्हणूनच त्यावरील औषधाचे मोल रुग्णालयाच्या नोंदवहीपेक्षा घराच्या जमाखर्चात अधिक स्पष्ट दिसते. 1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. तिने विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही, पण त्याची वाढ रोखली जाते आणि प्रतिकारशक्तीचा आधार असलेल्या सीडी-फोर या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागतात. या उपचाराचा वार्षिक खर्च तेव्हा माणशी दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला 350 डॉलरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ केली. 1970 च्या पेटंट कायद्यामुळे भारतात त्या काळी औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेवरच हक्क मिळत असे, आणि त्या तरतुदीचा फायदा आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांपर्यंत पोहोचला.

भारतात सरकारी रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू झाले ते 1 एप्रिल 2004 पासून, महाराष्ट्रासह अधिक लागण असलेल्या राज्यांत. तोपर्यंतची कौटुंबिक पडझड बहुधा एकाच क्रमाने होई: कर्ता पुरुष अंथरुणाला खिळे, त्याच्या दवाखान्यापायी दागिने आणि जमीन जाई, शुश्रूषेसाठी पत्नीची मजुरी बुडे आणि त्याच्या मृत्यूनंतर तिचीही चाचणी पॉझिटिव्ह आली की सासरचे दार बंद होई. औषधाने ही साखळी पहिल्याच कडीशी तोडली, हे त्याचे सर्वांत मोठे आर्थिक कार्य म्हणावे लागेल.

रुग्ण कामावर किती परततो, याचे नेमके मोजमाप आफ्रिकेत झाले. पश्चिम केनियातील ग्रामीण रुग्णांच्या अभ्यासात उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांतच काम करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी आणि आठवड्यातील कामाचे तास सुमारे 35 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळच्या ग्रामीण भागात उपचाराच्या चौथ्या वर्षी रोजगार आजारापूर्वीच्या पातळीच्या सुमारे 90 टक्क्यांपर्यंत पोहोचला. तिथेच प्रौढांचे अपेक्षित आयुर्मान 2003 मधील 49.2 वर्षांवरून 2011 मध्ये 60.5 वर्षांवर गेले. मलावीतील निष्कर्ष याहून विचारात पाडणारा आहे, कारण जवळपास उपचारकेंद्र सुरू झाल्यावर ज्यांना लागण झालेलीच नव्हती अशा लोकांचीही बचत आणि मुलांच्या शिक्षणावरील गुंतवणूक वाढली. मरणाची धास्ती ओसरली की माणूस पुढच्या वर्षांचा हिशेब मांडू लागतो, आणि हा परिणाम कोणत्याही रक्तचाचणीत दिसत नाही.

मात्र औषध मोफत झाले म्हणजे उपचार मोफत झाला, असे समजणे चूक आहे. सुरुवातीच्या गोळीतील स्टॅव्हुडिन या घटकामुळे कित्येकांच्या गालांची व हातापायांची चरबी झडे आणि तळपायांची आग होई. उभ्याने काम करणाऱ्याला तो त्रास जाचक होताच, शिवाय खप्पड चेहऱ्यावरून गावाला आजाराची ओळख पटे, म्हणजे जीव वाचवणारे औषधच गुपित उघडे करी. पुढे टेनोफोव्हिर आणि अलीकडे डोल्युटेग्राव्हिर यांच्यामुळे हा जाच सरला. औषधे आणण्यासाठी उपचारकेंद्रावरची खेप मात्र टळली नाही. रोजंदारीवरील माणसाचा त्या दिवशी खाडा होतो आणि मुकादमाला दर वेळी नवे कारण सांगावे लागते. एसटीत अशा रुग्णांना प्रवाससवलत आहे, पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत वाहकापुढे दाखला धरावा लागतो, आणि ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून काही जण जवळचे केंद्र सोडून दूरच्या जिल्ह्यात जातात. ही लपवाछपवीची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते, हे व्यवस्थेचे खरे न्यून आहे.

कामाच्या हक्काबाबत न्यायालय मोफत औषधाच्याही आधी पुढे आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये एका नैमित्तिक कामगाराच्या खटल्यात, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ लागणीच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला आणि त्याला नाव उघड न करता दाद मागू दिली. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा, भाड्याचे घर आणि विमा यांतील भेदभावाला त्याने मनाई केली आहे. लागण झालेल्यांच्या विवाहाच्या प्रश्नाचे स्वरूप मात्र विज्ञानाने बदलले: पुण्यातील केंद्राचाही सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने 2011 मध्ये दाखवून दिले की लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराला लागण होण्याचा धोका सुमारे 96 टक्क्यांनी घटतो, आणि नंतरच्या अभ्यासांनी स्पष्ट केले की रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिल्यास लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

2004 मध्ये तिशीत गोळ्या सुरू केलेली माणसे आज पन्नाशीत आहेत. त्यांना मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दुसऱ्या रांगेत उभे राहावे लागते आणि तिथे नव्या डॉक्टरला, नव्या परिचारिकेला पुन्हा सारे सांगावे लागते. ज्या वयात इतरांनी घर बांधले आणि विमा उतरवला, त्या वयात यांतील अनेकांनी आपण जगणारच नाही असे धरून काहीच साठवले नव्हते. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान अशा रुग्णांना मिळू शकते, पण हातपाय थकलेल्या मजुराच्या किंवा एकट्या विधवेच्या घराचा महिना तेवढ्यावर निघत नाही.