धरणात उणे पाणी!

दोस्तांनो, तुम्ही भंडारदऱ्याला कधी गेला आहात का? नसाल गेलात, तर पावसाळ्यात एकदा आई-बाबांना गळ घालाच. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेलं हे दगडी धरण १९२६ साली पुरं झालं. म्हणजे ते आता शंभरीचं! रतनवाडी आणि घाटघरच्या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो, धरण भरतं आणि 'भंडारदरा भरले' ही बातमी जिल्हाभर होते. (आपल्या नगर जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आजी-आजोबांच्या तोंडी अजून 'नगर'च आहे.) तिकडे पाथर्डी-जामखेडकडची मंडळी ढगांकडे डोळे लावून बसलेली असतात. म्हणून ही बातमी सगळेच वाचतात.

त्या बातमीत एक आकडा हमखास असतो : ११,०३९ दलघफू. ही धरणाची क्षमता. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा डबा घेतला तर त्यात सुमारे २८ लिटर पाणी मावतं. असे दहा लाख डबे म्हणजे एक दलघफू. आणि असे ११,०३९ दलघफू! नुसत्या घनफुटांत सांगायचं तर ११,०३,९०,००,००० घनफूट. अकराशे तीन कोटी नव्वद लाख.

आता एक प्रयोग करू. समजा, तुम्ही संगणकाला जिल्ह्यातल्या धरणांच्या साठ्याची यादी दिलीत आणि सांगितलंत, "बाबा रे, या प्रत्येक आकड्याला दहा लाखांनी गुण आणि घनफुटांत उत्तर दे." तिसरी-चौथीचं गणित! संगणक पापणी लवायच्या आत उत्तर देतो. भंडारदऱ्यासमोर आकडा येतो : उणे १,८४,५९,०१,८८८.

उणे! म्हणजे धरणात पाणी नाही एवढंच नव्हे, उलट धरणच कुणाचं तरी एकशे चौऱ्याऐंशी कोटी घनफूट देणं लागतं. आता बोला!

ही थाप नव्हे. पायथन नावाची संगणकाची एक भाषा आहे. तिच्यात मोठमोठ्या याद्यांचं गणित झटपट करण्यासाठी 'नमपाय' नावाचा तयार आज्ञावलींचा संग्रह मिळतो, अगदी फुकट. ट्रॅव्हिस ऑलिफंट या अमेरिकन संशोधकाने २००५ साली तो जुळवायला घेतला. २०१९ साली कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं ना, ते तयार करतानाही हा संग्रह वापरला होता. अशा नामांकित संग्रहाने ऐन भंडारदऱ्याला कर्जबाजारी करावं? आणि गंमत पुढेच आहे. शेजारच्या संगणकावर हीच आज्ञावली चालवली, तर उत्तर बिनचूक येत होतं!

असं का, ते समजायला जुन्या स्कूटरचं मीटर आठवा. त्यात पाच घरं. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढच्या किलोमीटरला काय दिसतं? ००,०००. स्कूटर नवी झाली नाही, मीटरची घरं संपली. संगणकाचंही तसंच. नमपाय प्रत्येक संख्येला मोजून-मापून जागा देतो, म्हणून तर तो वेगवान आहे. ३२ घरांची जागा दिली, आणि प्रत्येक घरात फक्त ० किंवा १, तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात. त्यातल्या निम्म्या उणे संख्यांसाठी राखून ठेवतात. म्हणून सर्वांत मोठी अधिक संख्या उरते २,१४,७४,८३,६४७. त्यापुढे गेलं की मीटर फिरतं आणि थेट उणे टोकाला जाऊन पुन्हा वर चढू लागतं.

भंडारदऱ्याच्या घनफुटांसाठी हे मीटर तीनदा फिरलं. तीन फेऱ्या म्हणजे १२,८८,४९,०१,८८८. अकराशे तीन कोटी नव्वद लाखांतून त्या वजा करून पाहा बरं. आलं ना तेच उणे उत्तर?

मग शेजारचा संगणक बरोबर कसा? विंडोज असलेल्या संगणकांवर नमपाय पूर्णांकांना न सांगता ३२ घरं देत असे आणि लिनक्स असलेल्या ६४ घरांच्या संगणकांवर ६४. आज्ञावली तीच, यादी तीच, पण उत्तरं दोन! हा फरक वर्षानुवर्षं चालत आला होता. जून २०२४ मध्ये नमपायची दुसरी मोठी आवृत्ती आली, तेव्हा ६४ घरांच्या विंडोजवरही ६४ घरं हाच नियम झाला. तरी जुनी आवृत्ती अजून कुठेकुठे वापरात असणारच. शिवाय, कुणी मुद्दाम ३२ घरं मागितली तर आजही मीटर फिरतं, आणि तेही गुपचूप! प्रत्येक गुणाकारानंतर 'जागा पुरली का?' हे तपासत बसलं तर वेग कमी होईल, असं त्यामागचं कारण.

आता मुळा धरण घेऊ. राहुरी तालुक्यातलं हे मोठं धरण. क्षमता २६,००० दलघफू. मघाचाच प्रयोग इथे केला तर मीटर सहा वेळा फिरतं आणि उत्तर येतं २३,०१,९६,२२४ घनफूट. म्हणजे जेमतेम २३० दलघफू.

मला विचाराल, तर भंडारदऱ्यापेक्षा ही चूक कितीतरी भयंकर आहे. उणे पाणी पाहिल्यावर शाळकरी पोरगाही म्हणेल, "काहीतरी चुकलंय." पण २३० दलघफू? दुष्काळात असंही असू शकेल, म्हणून माणूस पुढे जाईल. कालव्याचं आवर्तन कधी सोडायचं, शेतकऱ्याने गहू पेरायचा की हरभऱ्यावर भागवायचं, ऑक्टोबरात खाली जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, हे सगळं अशाच आकड्यांवर ठरतं. (घाबरू नका, धरणांच्या बातम्यांतले आकडे दलघफूतच असतात, तिथे हे मीटर फिरत नाही. हा आपला घरगुती प्रयोग.) मात्र ४ जून १९९६ रोजी युरोपचं 'एरियन ५' हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत फुटलं, त्याचं कारण याच जातीचं होतं. १६ घरांच्या जागेत न मावणारी संख्या तिथे कोंबली गेली होती.

आज्ञावलीतल्या अशा चुकीला म्हणतात 'बग', म्हणजे किडा. आणि हे किडे वेचणारी माणसं जगभर पसरलेली आहेत. त्यांतले कितीतरी जण बिनपगारी आहेत, कुणी प्राध्यापक, कुणी कॉलेजातली पोरं. नमपायची सगळी आज्ञावली उघडी असते. कुणीही वाचावी, चूक सापडली तर कळवावी, जमल्यास दुरुस्तीही सुचवावी.

पण ही दुरुस्ती कशी करतात, ते ऐकण्यासारखं आहे. चूक दिसली की धावत जाऊन ती ओळ बदलायची नाही! आधी चुकीचा लहानात लहान नमुना शोधायचा. धरणांची शंभर नावं, तारखा, तक्ते सगळं बाजूला सारायचं आणि एवढंच उरवायचं : '११,०३९ गुणिले दहा लाख, उत्तर उणे येतं.' मग एक चाचणी लिहायची. चाचणी म्हणजे दोन-चार ओळींची आज्ञावलीच, जी संगणकाला विचारते, "या गुणाकाराचं उत्तर ११,०३,९०,००,००० आलं का?" दुरुस्तीआधी ही चाचणी नापास व्हायला हवी. हो, नापासच! ती आधीच पास होत असेल, तर तुम्ही किडा पकडलेलाच नाही. मग दुरुस्ती करायची. आता नवी चाचणी पास व्हायला हवी आणि जुन्या हजारो चाचण्याही पास राहायला हव्यात, नाहीतर एक भोक बुजवताना दुसरं पाडलंत असं होईल. या सगळ्या चाचण्या विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा वेगवेगळ्या संगणकांवर चालवतात. का, ते भंडारदऱ्याने आपल्याला दाखवलंच आहे. शेवटी दुसरा एखादा जाणकार ते सगळं वाचतो, खुसपटं काढतो, आणि मगच दुरुस्ती आत जाते. नवी चाचणी तिथे कायमची पहारेकरी म्हणून राहते. पुढे दहा वर्षांनी कुणी चुकून तीच चूक केली, तर ती ओरडते.

कधीकधी मात्र चूक पहारेकऱ्याचीच असते. पर्जन्यमापक ठाऊक आहे ना? समजा, दहा दिवस रोज ०.१ मिलिमीटर शिंतोडे पडले. एकूण पाऊस १ मिलिमीटर. पायथनमध्ये ०.१ एकेक करून दहा वेळा मिळवत जा. उत्तर येतं ०.९९९९९९९९९९९९९९९९. कारण, आपण १ भागिले ३ लिहायला गेलो की ०.३३३… संपतच नाही ना, तसं संगणकाच्या ०-१ च्या लिपीत ०.१ संपतच नाही. कुठेतरी छाटावं लागतं. चाचणीने 'उत्तर नेमकं १ च हवं' असा हट्ट धरला, तर आज्ञावली ठीक असूनही ती नापास ठरते. म्हणून चाचणीत थोडी सूट ठेवतात, की एवढ्या बारीक फरकाकडे काणाडोळा कर. पण सूट किती? केसाएवढी ठेवली तर उगाच आरडाओरडा, हातभर ठेवली तर खरी चूक खालून निसटते. ही सूट ठरवणं मला या कामातलं सर्वांत कौशल्याचं वाटतं. छाटलेले तुकडे साठत गेले की काय होतं? १९९१ च्या आखाती युद्धात एका पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ शंभर तास चालून सुमारे एक तृतीयांश सेकंद चुकलं होतं. समोरून येणारं क्षेपणास्त्र तिला अडवता आलं नाही आणि २८ सैनिक दगावले.

आणखी एक किडा सांगतो. एखाद्या दिवशी पर्जन्यमापक वाचायचाच राहिला तर वहीत काय लिहाल? शून्य? मग 'पाऊस पडला नाही' असा अर्थ झाला, आणि ते खोटं! नमपायमध्ये अशा जागी 'ही संख्याच नाही' अशी खास खूण ठेवता येते. ती एक जरी खूण यादीत असली तरी साधी सरासरीसुद्धा 'ही संख्याच नाही' असंच उत्तर देते. मोकळ्या जागा वगळून सरासरी काढणारी वेगळी आज्ञा आहे. आता तुम्ही चाचणी लिहायला बसलात असं समजा आणि सांगा, महिन्यातले सगळेच दिवस कोरे असतील तर? यादीच रिकामी असेल तर? एकाच दिवसाची नोंद असेल तर? चांगली चाचणी लिहिणारा माणूस असे आडवळणाचे प्रश्न विचारत असतो. वर्गात सरांना सतावणारी मुलं या कामाला फार उपयोगी!

आपल्याकडेही असं काम चालतं. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी शास्त्रज्ञांच्या आकड्यांची त्रिमितीय चित्रं दाखवणारा 'मायावी' हा पायथनमधला संग्रह लिहिला. तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पात देशभरातल्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं संगणकाकडून पुन्हा सोडवून घेतली. पुस्तकातलं उत्तर आणि संगणकाचं उत्तर शेजारी शेजारी! जुळलं नाही तर चूक कुणाची, हे शोधायचं.

घरी संगणक नसला तरी तुमच्यासाठी एक कामगिरी आहे. पाटी-पेन्सिल पुरे. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच निळवंडे धरण आहे. त्याची क्षमता ८,३२० दलघफू. तिचे घनफूट करा आणि त्यातून ४,२९,४९,६७,२९६ इतक्या वेळा वजा करा, की उत्तर उणे २,१४,७४,८३,६४८ आणि अधिक २,१४,७४,८३,६४७ यांच्यामध्ये येईल. निळवंडेही कर्जबाजारी निघतं का, ते सांगा. आणि हो, ही चूक पकडणारी एक चाचणीही वहीत साध्या मराठीत लिहून ठेवा. मुळा धरणाच्या वेळी नुसतं 'उत्तर उणे नसावं' एवढं म्हणून भागलं नव्हतं, हे लक्षात असू द्या.

(उत्तर : उणे २६,९९,३४,५९२.)