वकीलपत्र घेण्यापूर्वी

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात एक-दोन सहकाऱ्यांच्या बळावर चालणाऱ्या वकिली कार्यालयाला, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार, आपल्या दर्जाला साजेशी फी मिळत असल्यास आलेले काम स्वीकारणे बंधनकारक असते. मात्र विशेष परिस्थितीत नकार देण्याची मुभा तेच नियम देतात आणि खरी निवड त्या मुभेतच होते. त्याच वादात समोरच्या पक्षाला पूर्वी सल्ला दिला असेल, किंवा वकिलालाच साक्षीदार व्हावे लागेल असे दिसत असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो.

त्यानंतर कागद पाहिले जातात. हवेली तालुक्यातील जमिनीचा वाद असेल, तर सातबारा, त्यावरील नावे कशी बदलत गेली हे सांगणारे फेरफार आणि खरेदीखत यांचा मेळ बसतो का, हे तपासतात. धनादेश न वटल्याचे प्रकरण असेल, तर बँकेची सूचना मिळाल्याची तारीख आधी विचारली जाते, कारण तेव्हापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. एकदा वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने दिलेले लेखी अधिकारपत्र, दाखल झाले की न्यायालयाच्या परवानगीशिवाय अंग काढून घेता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे तारखांना हजर राहण्याइतके मनुष्यबळ आहे का, याचा प्रामाणिक अंदाज फीपेक्षाही महत्त्वाचा ठरतो. नकार द्यायचाच असेल, तर तो मुदत शिल्लक असताना द्यावा आणि महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत साहाय्याची माहितीही द्यावी.