राहतो पेठेत, नाव गावात!

सदाशिव पेठेतली एखादी खानावळ. रात्रीचे साडेआठ. ताटात मटकीची उसळ, भिंतीवरच्या टीव्हीत निवडणुकीची चर्चा. अशा वेळी एक संवाद हमखास ऐकू येतो.

‘काय रे, पुण्यात कोण निघणार?’

‘मला काय विचारतोस? माझं नाव गावाकडे.’

‘मग जाणार का मतदानाला?’

‘पेपर आहेत रे!’

संपला विषय. ओळखीचा वाटतोय ना?

आपण बिनधास्त म्हणतो की अमुक शहर या पक्षाचं, तमुक पेठ त्या पक्षाची. पण शहरात राहणारी माणसं वेगळी, मतदार यादीतली वेगळी आणि त्या दिवशी रांगेत उभी राहणारी आणखी वेगळी. शहराचा कल ठरतो तो या तिसऱ्या गटावर.

कसबा पेठेचंच बघा. 1995 पासून हा मतदारसंघ भाजपकडे. गिरीश बापट इथून सलग पाच वेळा आमदार झाले, 2019 मध्ये मुक्ता टिळक. ‘पेठा म्हणजे भाजप’ हे समीकरण पक्कंच झालं होतं. मग 26 फेब्रुवारी 2023 ला पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजार मतांनी निवडून आले. पावणेतीन लाखांच्या आसपास मतदार, पण मतदान केलं जेमतेम निम्म्यांनी. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच कसब्यातून भाजपचे हेमंत रासने जिंकले. पावणेदोन वर्षांत पेठेतली वस्ती काही बदलली नव्हती. उमेदवार, लढतीचं गणित आणि कोण घराबाहेर पडलं, हे मात्र दर वेळी वेगळं होतं.

आता हीच पेठ आपल्या नजरेतून बघू. वाडे पडले, इमारती उठल्या. जुनी कुटुंबं कोथरूडला, सिंहगड रोडला गेली. त्यांच्या जागी कोण आलं? आपण! कॉट बेसिसवर राहणारे, अभ्यासिकेत बारा तास बसणारे, लातूर, नांदेड, बीड, सोलापूरहून आलेले. गल्लीत गर्दी आपली, पण यादीत आपण नाही. उलट जे कधीच सोडून गेले, त्यातल्या काहींची नावं अजून जुन्याच पत्त्यावर. त्यामुळे टक्का घसरलेला दिसला की ‘शहरातले लोक आळशी’ एवढंच कारण नसतं. यादीच शिळी असते.

आकडे तरी काय सांगतात? पुणे लोकसभेला 2019 मध्ये मतदान 50 टक्क्यांच्या आतच राहिलं. 2024 मध्ये ते 53 टक्क्यांच्या थोडं वर गेलं. त्याच वर्षी गडचिरोली-चिमूरमध्ये 71 टक्क्यांहून जास्त लोकांनी मतदान केलं, तेही जंगलवाटा तुडवत. आणि आपला लातूरचा मित्र? त्याचं मतदान 7 मे ला, पुण्याचं 13 मे ला. एका बटणासाठी जाऊन-येऊन दोन रात्री प्रवासात. म्हणजे गावातलं मत बुडालं आणि पुण्यात तर ते नव्हतंच.

‘पण आपला आवाज पोचतो की!’ असं कोणी म्हणेल. खरंय. फेब्रुवारी 2023 मध्ये, कसब्याच्या मतदानाच्या त्याच आठवड्यात, एमपीएससीचा नवा पॅटर्न 2025 पासून लागू करा म्हणून मुलं पुण्यात रस्त्यावर बसली. नेते भेटून गेले, आयोगाने मागणी मान्य केली. पण प्रत्येक प्रश्नासाठी रस्त्यावर बसणार का? कॉटचं भाडं, अभ्यासिकेतली आगीची सोय, रात्रीची बस, टँकरचं पाणी. हे प्रश्न नगरसेवकाच्या दारातले. आणि महापालिकेची यादी विधानसभेच्याच यादीतून बनते. यादीत नसलेल्याच्या दारात प्रचाराला तरी कोण कशाला येईल?

मग करायचं काय? शिकायला बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. दोन्हीकडे मात्र नाही, तो गुन्हा आहे. पहिल्यांदाच नोंदणी करत असाल तर फॉर्म 6, नाव हलवायचं असेल तर फॉर्म 8. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. अठरा पूर्ण झाल्याची तारीखही आता वर्षातून एकदा नाही, चारदा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर.

गाव की शहर, हे तुम्हीच ठरवा. गावच्या ग्रामपंचायतीत जीव अडकला असेल तर नाव तिथेच ठेवा, पण मग मतदानाची तारीख कळताच एसटीचं तिकीट काढा. पुढची पाच वर्षं इथेच जाणार असतील तर नाव इथे आणा. फक्त दोन्हीकडून गायब राहू नका.

1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, ते तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच. आज रात्री मेसमधून आल्यावर रील्स बघण्याआधी पाच मिनिटं यादीत आपलं नाव शोधा. सापडतंय का, आणि कुठे?