रस उतरतो तेव्हाचा बर्फ

मार्चमधल्या एखाद्या रविवारी सकाळी साडेआठला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या छोट्या स्की-टेकडीवर गेलं, तर तिथे कुणालाच घाई दिसत नाही. गाड्यांच्या डिक्या उघड्या असतात, त्यांत बसून लोक कॉफी पीत असतात, कुणी बोर्डाच्या तळाला मेण घासत असतं. अधूनमधून एखादी मुलगी उताराच्या पायथ्याशी जाते आणि बुटाची टाच बर्फावर आपटून बघते. टक्क. ती परत येते. अजून वेळ आहे. दहाच्या पुढे कधीतरी त्याच टाचेखाली बर्फ कुरकुरतो आणि बोटभर खचतो. मग डिक्या धडाधड बंद होतात. पुढच्या दोन-तीन तासांत त्या टेकडीवर जे चालतं, त्याची माणसं अख्खा हिवाळा वाट बघत असतात.

शेजारच्या रानात त्याच सुमाराला दुसरंच एक काम सुरू झालेलं असतं. मेपलच्या खोडांना भोकं पाडून नळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांतून थेंब थेंब रस यायला लागतो. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं रोज घडलं तरच हा रस वाहतो. रात्रीच्या गोठण्याने झाड पाणी ओढून घेतं, दिवसाच्या उबेने खोडात दाब तयार होतो आणि रस बाहेर पडतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के, म्हणून चाळीसेक गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक मिळतो. गावोगावच्या शुगरहाऊसच्या छपरातून दिवसरात्र वाफ निघत असते. गुऱ्हाळाची काहील ज्याने पाहिली आहे, त्याला ती वाफ आणि तो गोड वास परका वाटणार नाही. अमेरिकेतला जवळपास निम्मा मेपल पाक या एका लहानशा राज्यात तयार होतो.

स्नोबोर्डिंगच्या लेखात हे सांगायचं कारण एवढंच की जी हवा झाडातून रस काढते, तीच हवा उतारावरचा बर्फ पिकवते. व्हरमाँटमध्ये साखरेचा मोसम आणि वसंतातल्या स्नोबोर्डिंगचा मोसम एकच आहे.

‘पिकवते’ हा शब्द मी जाणून वापरला. जानेवारीतला ताजा बर्फ म्हणजे टोकेरी स्फटिक, एकमेकांत अडकलेले. मार्चमधलं ऊन ते दिवसा थोडे वितळवतं, रात्र पुन्हा गोठवते. असं दहा-पंधरा दिवस झालं की टोकं झिजतात, लहान कण मोठ्यांत मिसळतात आणि उरतात ते टपोरे, गोल दाणे. इथले लोक त्याला ‘कॉर्न स्नो’ म्हणतात, मक्याच्या दाण्यांचा बर्फ. मला मात्र दरवेळी आठवतो तो नीट भिजलेला साबुदाणा. दाणा न् दाणा ओला, तरी मोकळा. साबुदाण्यात पाणी जास्त पडलं की जसा लगदा होतो, तसंच इथेही होतं. रात्री गोठलंच नाही तर सकाळी हा बर्फ चिकट असतो. बोर्डाचा तळ आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा थर साचतो आणि बोर्ड अचानक कुणी मागून ओढल्यासारखा अडतो. उलट, ऊन वर येण्याआधी गेलात तर रात्रीचे सगळे दाणे एकमेकांना चिकटून त्यांची काच झालेली असते. या दोन टोकांच्या मधला जो वेळ आहे, तोच खरा. पूर्वेकडचा उतार आधी तयार होतो, मग दक्षिणेकडचा, पश्चिमेकडचा सर्वांत शेवटी. जाणकार माणूस उन्हाच्या मागे मागे टेकडीभर फिरतो.

अशा बर्फावर बोर्डाचं फार जमतं. हिवाळ्यातल्या कडक पृष्ठभागावर स्नोबोर्डवाल्याचा सगळा तोल एकाच पोलादी कडेवर असतो. कड निसटली की पडणं ठरलेलं, आणि पडणं म्हणजे मनगट किंवा माकडहाड. दाण्यांच्या बर्फात ती कड दोन बोटं रुतते, वळणाला आधार मिळतो, आणि पडलं तरी बर्फ सोसून घेतो. रुंद तळामुळे बोर्ड ओलसर दाण्यांवर तरंगतो. शिकायला सुरुवात करायची तर जानेवारीत नको, मार्चमध्ये करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. माझी स्वतःची सुरुवात जानेवारीत झाली होती, आणि उजव्या मनगटाला ती अजून आठवते.

पण यासाठी टेकडी छोटीच का हवी? कारण तो वेळ दोन-तीन तासांचा असतो. मोठ्या रिसॉर्टमध्ये त्यातला एक तास लिफ्टच्या रांगेत जातो आणि अर्धा तास डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर पोहोचण्यात. वाटेत सपाटी आली की स्कीवाले काठ्यांनी स्वतःला ढकलत पुढे जातात. बोर्डवाल्याला काठ्या नसतात, त्याला एक पाय सोडवून लंगडत जावं लागतं. छोट्या टेकडीवर उतार थेट पायथ्याच्या झोपडीशी उतरतो. खाली उभं राहून सबंध टेकडी दिसते, कुठे ऊन पोहोचलं ते कळतं, आणि वर जायला रांग अशी नसतेच. कोलोरॅडोतल्या बड्या रिसॉर्टमध्ये एका दिवसाचं तिकीट आता तीनशे डॉलरच्या वर गेलं आहे. त्याच्या अगदी लहानशा भागात इथे दिवसभर फेऱ्या मारता येतात, आणि बर्फ तर दोन्हीकडे आभाळातूनच पडतो.

या टेकड्यांचं मूळ यंत्र म्हणजे दोर. वुडस्टॉक गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या कुरणात, गिल्बर्ट्स हिलवर, जानेवारी १९३४ मध्ये अमेरिकेतला पहिला स्की-दोर फिरला. गावात खानावळ चालवणाऱ्या रॉयस दांपत्याने तो उभा केला. क्यूबेकमध्ये असा दोर त्याआधी चालू झाला होता, त्यावरून ही कल्पना आली. सुमारे १८०० फूट दोर, काही चाकं, आणि ओढायला फोर्डच्या मॉडेल टी गाडीची ताकद. तोपर्यंत एका घसरणीसाठी अर्धा तास चढावं लागे. दोराने ते काम मिनिटाभरावर आणलं, आणि हिवाळ्यात ओस पडणाऱ्या गावांना चार पैसे मिळायला लागले. त्यानंतर व्हरमाँटमध्ये कुरणाकुरणांत दोर लागले. ज्याच्याकडे उतार, जुनं इंजिन आणि थोडी हिकमत, त्याच्याकडे स्की-टेकडी.

दोर पकडणं हे मात्र शिकावं लागतं, आणि बोर्डवाल्याला जास्तच. पुढचा पाय बोर्डाला बांधलेला, मागचा मोकळा, नुसता टेकवलेला. स्कीवाला तोंड वर करून सरळ उभा राहतो, बोर्डवाला आडवा. दोर एकदम घट्ट धरला तर खांद्यातून झटका बसतो आणि माणूस तोंडावर आपटतो. आधी दोर तळव्यातून सरकू द्यायचा, मग हळूहळू मूठ आवळायची, की बोर्ड आपसूक चालायला लागतो. लोकरीचे हातमोजे इथे एका दिवसात फाटतात. जाड चामड्याचेच लागतात. वसंतात दोर पाणी पिऊन जड होतो, दुपारपर्यंत मोजे भिजून चिंब होतात, आणि संध्याकाळी दंडांत असा ठणका लागतो की चमचा उचलवत नाही. तरी पाच-सहा वर्षांची मुलं त्या दोराला लोंबकळत दिवसात चाळीस-चाळीस फेऱ्या मारतात.

गिल्बर्ट्स हिलवरचा दोर पुढच्याच मोसमात वॉलेस बर्ट्रम चालवायला लागला. डार्टमथ कॉलेजच्या स्की संघाचा हा माजी कप्तान, सगळे त्याला बनी म्हणत. १९३६ मध्ये त्याने जवळच दुसरी, जास्त तीव्र टेकडी निवडली. नकाशावर तिचा क्रमांक सहा होता आणि तिच्यावरून सरळ खाली येणं म्हणजे आत्महत्या, असं तो म्हणाला, म्हणून नाव पडलं ‘सुइसाइड सिक्स’. २०२२ मध्ये हे नाव बदलून ‘सास्काडीना सिक्स’ करण्यात आलं. इथल्या मूळच्या आबेनाकी लोकांच्या भाषेत सास्काडीना म्हणजे उभा डोंगर. हा बदल मला योग्य वाटतो. ज्या घरात कुणी तसा जीव गमावला आहे, त्या घराला ते नाव पाटीवर वाचावं लागू नये. उंचीचा फरक अवघा ६५० फूट, म्हणजे दोनशे मीटर. पण स्नोबोर्डच्या इतिहासात या टेकडीला जे स्थान आहे, ते भल्याभल्या डोंगरांना नाही.

कारण १९८२. त्याआधी पाच वर्षं, १९७७ मध्ये, जेक बर्टन कार्पेंटर नावाचा तरुण न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून व्हरमाँटमधल्या लंडनडेरी गावात आला होता. दिवसा लाकडी फळ्या कापून बोर्ड बनवायचे, रात्री बारमध्ये काम करायचं, हा त्याचा क्रम. मिशिगनच्या शर्मन पॉपेनने १९६५ मध्ये दोन स्की जोडून मुलींसाठी ‘स्नर्फर’ नावाचं खेळणं केलं होतं. बर्टनच्या डोक्यात होतं की हे खेळणं नाही, हा खेळ आहे. पण जवळजवळ कुठलंही रिसॉर्ट बोर्डवाल्यांना लिफ्टवर घेत नव्हतं. धोकादायक आहे, बर्फ खरवडतात, विमा मिळणार नाही, ही कारणं. अशा काळात १९८२ मध्ये पॉल ग्रेव्ह्ज या स्नर्फरपटूने पहिली राष्ट्रीय शर्यत भरवली ती सुइसाइड सिक्सवर. कॅलिफोर्नियाहून बर्टनचा प्रतिस्पर्धी टॉम सिम्स आला. शर्यत सुरू करायला उलटं केलेलं स्वयंपाकघरातलं टेबल वापरलं होतं. पुढच्या वर्षी स्ट्रॅटन या मोठ्या रिसॉर्टने बोर्डवाल्यांना दार उघडलं, १९९८ मध्ये नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला, आणि २०१९ मध्ये बर्टन वारला तेव्हा त्याचं नाव जगभरच्या बर्फावर छापलेलं होतं. मोठ्यांनी दार बंद केलं असताना एका छोट्या टेकडीने जागा दिली, एवढं लक्षात ठेवायला हवं.

व्हरमाँटने या खेळाला माणसंही दिली. साऊथ लंडनडेरीच्या रॉस पॉवर्सने आणि वेस्ट डोव्हरच्या केली क्लार्कने २००२ च्या ऑलिंपिकमध्ये हाफपाइपचं सुवर्ण मिळवलं, बेलमाँटच्या हॅना टीटरने २००६ मध्ये. केनियातल्या एका गावाला मदत म्हणून हॅना टीटरने निधी उभा केला तो व्हरमाँटचा मेपल पाक विकून.

पाक आणि बर्फ एकाच अंगणात बघायचे असतील तर रिचमंड गावातल्या कॉक्रनच्या टेकडीवर जावं. मिकी आणि जिनी कॉक्रन या जोडप्याने १९६१ च्या सुमाराला मुलांना शाळा सुटल्यावर सराव करता यावा म्हणून परसातल्या उतारावर दोर लावला. शेजारची मुलं यायला लागली, जिनीबाई त्यांना शिकवायला लागल्या. घरची चारही मुलं अमेरिकेच्या संघात गेली. बार्बरा ॲनने १९७२ मध्ये सापोरोच्या ऑलिंपिकमध्ये स्लालमचं सुवर्णपदक सेकंदाच्या दोनशतांश फरकाने जिंकलं. तिचा मुलगा रायन पन्नास वर्षांनी बीजिंगला सुपर-जीमध्ये रौप्य घेऊन आला, आणि त्याचं सुवर्ण चारशतांशाने हुकलं. हे सगळे स्कीवाले. पण टेकडीचा नियम बोर्डवाल्या मुलांनाही तोच आहे: पैशांअभावी कुणालाही परत पाठवायचं नाही. १९९८ पासून ही टेकडी ना-नफा संस्था म्हणून चालते. त्याच जमिनीवरच्या मेपलांचा रस काढून तिसऱ्या पिढीतली भावंडं पाक करतात. मार्चमध्ये उतारावरून खाली येताना त्या वाफेचा वास नाकात शिरतो.

लोकांनीच जपलेल्या अशा टेकड्या आणखीही आहेत. ईस्ट कॉरिंथचं नॉर्थईस्ट स्लोप्स १९३६ पासून चालू आहे, आणि ते गावातले स्वयंसेवक चालवतात. ॲस्कट्नी डोंगरावरचं रिसॉर्ट २०१० मध्ये बुडालं, तेव्हा वेस्ट विंडसर गावाने २०१५ मध्ये ती जमीन राखून ठेवली. गावकऱ्यांनी आधी दोर लावला, मग टी-बार लिफ्ट. मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून सहकारी संस्था आहे, भागधारक हेच मालक. सहकार पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे वाचून बरं वाटेल. मात्र तिथे स्नोबोर्डला आजही बंदी आहे. अशी बंदी असलेली देशात तीनच ठिकाणं उरली आहेत. मालकांचा तो हक्क आहे हे मान्य, पण बोर्डवाल्या नातवाला खाली उभं करून आजोबांनी एकट्याने वर जावं, हे मला पटत नाही.

न्यू इंग्लंडमध्ये अशा शेकडो टेकड्या बंद पडल्या आहेत. रानात फिरताना गंजलेली चाकं आणि झुडपांनी गिळलेले उतार सापडतात. विम्याचा खर्च, कृत्रिम बर्फाची यंत्रं घेण्याची ऐपत नसणं, मोठ्या रिसॉर्टांचे एकत्रित पास, अशी कारणं होतीच. आता हवा बदलते आहे. वसंताचा बर्फ केवळ उन्हाने पिकत नाही, त्याला थंड रात्र लागते. मार्चमधल्या रात्री उबदार झाल्या की दाणा धरत नाही आणि झाडाचा रसही थांबतो. बर्फ आणि पाक यांचं नशीब इथे एकमेकांशी बांधलेलं आहे.

बॉस्टनच्या आसपास बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथून वुडस्टॉक अडीच तासांवर आहे. येत्या मार्चमध्ये हवामानाचे दोनच आकडे बघा: रात्रीचं तापमान शून्याखाली, दिवसाचं त्याच्या वर. असा रविवार सापडला की चामड्याचे हातमोजे घ्या, मुलांना गाडीत घाला आणि दहाच्या सुमाराला पोहोचा. दोनच फेऱ्या जमल्या तरी तिकीट पूर्ण दिवसाचं घ्या. त्याच पैशांवर दोर फिरतो.